वॉरिकचा किल्ला नेमका किती जुना? नदीकडून बघितला तर उत्तर सापडतं

तुम्ही इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत शिकता, सुट्टीच्या दिवशी वॉरिक कॅसल बघून आलात आणि गोंधळून परत आलात. पाटीवर १०६८ लिहिलेलं. आतल्या दालनांची माहिती सांगणाऱ्याने सतराव्या शतकाचा उल्लेख केला. मोठा दिवाणखाना तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला निघाला. सोबतचा मित्र म्हणाला, "हा किल्लाच नाही, श्रीमंतांचा वाडा आहे, किल्ल्याचं सोंग घेतलेला." तुमचे प्रश्न दोन आहेत: हा खरा मध्ययुगीन किल्ला मानायचा का? आणि आपल्याकडचे किल्ले पडके असताना हा इतका शाबूत कसा?

मी वीसेक वर्षं इंग्लंडच्या मध्यभागात जुन्या दगडी इमारतींच्या संवर्धनाचं काम करतो. वॉरिकवर मी काम केलेलं नाही, पण त्याच प्रकारच्या वालुकाश्मात बांधलेल्या बऱ्याच इमारतींवर केलं आहे आणि वॉरिकला मोजता येणार नाही इतक्या वेळा गेलो आहे. पाहुणे आले की तिथेच नेतो. तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे, कारण मूळ अडचण शब्दातच आहे. 'कॅसल'ला आपण 'किल्ला' म्हणतो आणि डोळ्यांपुढे राजगड, सिंहगड येतो: डोंगरावरचा, सैन्याचा, राज्याचा. युरोपातला मध्ययुगीन कॅसल त्यापेक्षा आपल्या देशमुखांच्या गढीच्या जवळचा. एका सरदार घराण्याचं राहतं घर, त्याच्या जमिनीचं कामकाज चालायची जागा आणि वेळ आली तर लढायची जागा, सगळं एकाच तटाच्या आत. त्यामुळे 'किल्ला होता, मग वाडा झाला' ही गोष्ट अर्धीच खरी आहे. वाडा तिथे पहिल्यापासून होता. शतकांगणिक बदलत गेलं ते लढाई आणि राहणं यांचं प्रमाण.

'किती जुना' याचं उत्तर तुम्ही कशाचं वय विचारता त्यावर अवलंबून आहे. जागेचं, भिंतीचं, खिडकीचं की छपराचं? सलग वापरात असलेल्या इमारतीला एक जन्मतारीख नसते.

जागेपासून सुरुवात करू. एव्हन नदी इथे वळण घेते आणि वळणावर वालुकाश्माचा कडा सरळ पाण्यात उतरतो. ९१४ साली मर्सिया या तेव्हाच्या राज्याची शासक एथेलफ्लेड हिने डॅनिश हल्ल्यांपासून बचावासाठी इथे तटबंदीचं गाव वसवलं. किल्ल्याच्या एका टोकाला असलेल्या मातीच्या टेकाडाला आजही तिचंच नाव आहे, पण ते टेकाड तिचं नाही. ते नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेल्यांचं आहे. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर त्यांचा राजा विल्यम उत्तरेकडे बंड मोडायला निघाला आणि १०६८ मध्ये त्याने इथे त्या काळच्या घाईच्या पद्धतीने किल्ला उभारला: मातीचा उंच ढिगारा, त्यावर लाकडी बुरूज, पायथ्याशी लाकडी कुंपणाचं आवार. त्यासाठी गावातली घरं पाडली, त्यातली चार कोव्हेंट्रीच्या मठाधिपतीची होती, अशी नोंद आहे. पाटीवरचं १०६८ हे या टेकाडाचं वय. वर चढून गेलात तर पायाखालची माती खरोखर साडेनऊशे वर्षांपूर्वी रचलेली आहे. लाकूड मात्र केव्हाच गेलं. बाराव्या शतकात त्याच्या जागी दगडी बांधकाम आलं आणि तेही बरंचसं पुढे बदललं. सगळ्या किल्ल्यात सर्वात जुना भाग हा, आणि बहुतेक लोक इथे दोन मिनिटंही थांबत नाहीत.

पुढची दोनशे वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्या काळातलं उभं असं फार काही उरलेलं नाही. १२६४ मध्ये राजा आणि बंडखोर सरदार सायमन द मॉन्टफर्ट यांच्यात युद्ध पेटलं होतं. सायमनच्या बाजूच्या जॉन गिफर्डने जवळच्या केनिलवर्थ किल्ल्यावरून येऊन वॉरिकवर अचानक छापा घातला, वॉरिकचा अर्ल (म्हणजे तिथला सरदार) आणि त्याची बायको यांना पकडून नेलं आणि किल्ला राजाच्या कामी येऊ नये म्हणून तट पाडला. चार वर्षांनी, १२६८ मध्ये, वारसाहक्काने किल्ला बोशॅम घराण्याकडे आला. आज पोस्टकार्डावर दिसतो तो किल्ला प्रामुख्याने या घराण्याचा. त्यांची ताकद केवढी होती हे १३१२ च्या घटनेवरून कळतं. राजा दुसऱ्या एडवर्डचा लाडका पियर्स गॅव्हस्टन याला अर्ल गाय द बोशॅमने पकडून वॉरिकला आणलं, आणि १९ जून रोजी जवळच्या ब्लॅकलो टेकडीवर त्याला ठार करण्यात आलं. राजाचा जिवलग माणूस आपल्या घरी कोंडून ठेवण्याची हिंमत ज्या घराण्यात होती, त्यांना घरही तसंच हवं होतं.

म्हणून चौदाव्या शतकात त्यांनी शहराकडची बाजू नव्याने बांधली. मध्ये दरवाजा, त्यापुढे पुढे आलेली देवडी आणि दोन टोकांना दोन बुरूज. नदीकडचा सीझर बुरूज सुमारे ४५ मीटर उंच, बाहेरून तीन पाकळ्यांसारखा फुगलेला, माथ्यावर चर्यांच्या दोन रांगा. दुसऱ्या टोकाचा 'गाय' (Guy, माणसाचं नाव) बुरूज बाराकोनी, सुमारे ३९ मीटर, शतक संपता संपता पूर्ण झालेला. सीझर बुरुजाच्या तळाशी अंधारकोठडी आहे आणि लोक ती बघायला रांग लावतात. मी मात्र पाहुण्यांना गाय बुरुजाच्या आतली रचना समजावतो. मजल्यावर मजला, प्रत्येकावर दगडी कमानींच्या छताची एक मोठी खोली, तिला लागून छोट्या खोल्या, शेकोटी आणि भिंतीच्या जाडीत शौचाची सोय. ही पहारेकऱ्यांची कोंदट जागा नव्हे. मानाचे पाहुणे किंवा घराण्याचे वरिष्ठ कारभारी राहतील असा हा जवळजवळ स्वयंपूर्ण मजला आहे. म्हणजे किल्ला सर्वात जास्त 'किल्ला' होता त्या काळातही त्याच्या सर्वात लढाऊ दिसणाऱ्या बुरुजाच्या पोटात राहण्याच्या खोल्याच होत्या. तुमच्या मित्राचं म्हणणं मला पटत नाही ते इथे.

आता माझा मुख्य मुद्दा. नदी.

किल्ला आणि नदी म्हटलं की आपण 'खंदकाची सोय झाली' एवढं म्हणून पुढे जातो. वॉरिकमध्ये नदीने त्याहून मोठं काम केलं. कडा आणि पाणी मिळून ती बाजू जवळजवळ दुर्गम झाली, म्हणून तिथे जाड आंधळ्या भिंतींची गरज कमी पडली. सगळा जोर, सगळे बुरूज जमिनीकडच्या बाजूंना लागले. राहण्याची मोठी इमारत, म्हणजे दिवाणखाना, खासगी दालनं, प्रार्थनागृह, हे सगळं नदीच्या कडेला बसलं. चौदाव्या शतकातली कमानींच्या छताची तळघरं आजही त्या इमारतीखाली आहेत. पुढच्या पाचशे वर्षांत ज्याला ज्याला इथे ऐसपैस राहायचं होतं, त्याने याच तळघरांवर नवं घर चढवलं आणि याच बाजूला खिडक्या मोठ्या केल्या. शहराकडून बघा, वॉरिक किल्ला आहे. नदीकडून बघा, तोच वाडा आहे. तुम्ही आणि तुमचा मित्र एकाच इमारतीच्या दोन बाजूंवरून वाद घालत होता.

मधला काळ मालक बदलण्याचा. 'राजे घडवणारा' म्हणून ओळखला गेलेला रिचर्ड नेव्हिल लग्नामुळे वॉरिकचा अर्ल झाला. १४६९ मध्ये त्याने चक्क राजा चौथ्या एडवर्डला काही दिवस इथे कैदेत ठेवलं. पुढे तिसऱ्या रिचर्डच्या काळात उत्तरेच्या तटावर तोफांसाठी बुरूज उभे राहू लागले. १४८५ मध्ये तो बॉसवर्थच्या लढाईत पडला आणि काम अर्धवट राहिलं. ते ठेंगणे बुरूज आजही दिसतात, आणि मला ते फार बोलके वाटतात: तोफांच्या युगासाठी हा किल्ला अद्ययावत करण्याचा शेवटचा मोठा प्रयत्न तिथे थांबला आहे. त्यानंतर सोळाव्या शतकात तो कधी राजाकडे, कधी डडली घराण्याकडे होता. १५७२ मध्ये एलिझाबेथ राणी इथे मुक्कामाला होती. १५९० मध्ये अँब्रोज डडली निपुत्रिक वारला, किल्ला पुन्हा राजसत्तेकडे गेला आणि मोडकळीला आला.

१६०४ मध्ये पहिल्या जेम्सने तो सर फुल्क ग्रेव्हिलला दिला. ग्रेव्हिल कवी होता, दरबारी होता, पुढे अर्थमंत्री झाला. त्याने पडक्या किल्ल्यावर २०,००० पौंडांहून अधिक खर्च केल्याचं सांगितलं जातं. त्या काळात ती रक्कम अवाढव्य होती. 'किल्ल्याचं निवासस्थान झालं' यासाठी एक तारीख हवीच असेल तर मी १६०४ सांगेन. राहणं तेव्हा सुरू झालं म्हणून नव्हे. आता कोणी हल्ला करील असं न धरता, राहण्यासाठीच पैसा ओतणारा पहिला मालक हा, म्हणून. मृत्युपत्रात आपल्याला पुरेसं दिलं नाही या रागातून त्याच्याच नोकराने १६२८ मध्ये त्याला भोसकलं. वारस म्हणून दत्तक घेतलेला त्याचा नातेवाईक रॉबर्ट पुढचा मालक झाला.

आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलं आहे. हल्ला होणार नाही हा अंदाज चुकला. १६४२ मध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये राजाच्या बाजूच्या सैन्याने वॉरिकला वेढा घातला. रॉबर्ट ग्रेव्हिल संसदेच्या बाजूचा होता. वेढा सुमारे दोन आठवडे चालला आणि उठला, मध्ययुगीन भिंतींनी निभावून नेलं. पुढे एजहिलच्या लढाईतले कैदी इथे ठेवले गेले आणि १६५९ पर्यंत शिबंदी होती. रॉबर्ट स्वतः १६४३ मध्ये लिचफील्डला मारला गेला. पण त्याची बाजू जिंकली. म्हणून वॉरिक वाचला.

केनिलवर्थ इथून आठ किलोमीटरवर आहे. एके काळी तो वॉरिकपेक्षा बलाढ्य मानला जायचा, आणि १२६४ मध्ये वॉरिकचा तट पाडणारे तिथूनच आले होते. यादवीनंतर १६४९ मध्ये, तो पुन्हा कुणाच्या लष्करी उपयोगाला येऊ नये म्हणून संसदेच्या आदेशाने त्याच्या मुख्य बुरुजाची एक बाजू पाडण्यात आली आणि त्याला वेढणारा मोठा तलाव आटवण्यात आला. आज तो लाल दगडांचा देखणा भग्नावशेष आहे. दोन्ही किल्ले एका दिवसात बघा. दगड त्याच भागातले, हवामान तेच, बांधणारी माणसं त्याच तोलाची. मग एक उभा आणि एक पडका का? कारण एकाचा मालक योग्य वेळी जिंकणाऱ्या बाजूला होता आणि त्याचे वंशज पुढची तीनशे वर्षं तिथे राहिले.

आपल्याकडेही हेच लावून बघा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंग लावून उडवल्या. किल्ला पुन्हा वापरता येऊ नये, एवढाच हेतू. त्यानंतर तिथे घर करून राहणारं कुणी उरलं नाही. काळा बेसॉल्ट वॉरिकच्या वालुकाश्मापेक्षा कितीतरी टणक असतो, पण छप्पर गेलं, पाणी भिंतीच्या पोटात शिरलं आणि झाडांच्या मुळांनी चुन्याचे सांधे उकलले की टणकपणाचा उपयोग नाही. मी कामावर नव्या मुलांना हेच पहिल्यांदा दाखवतो: दगडी इमारत पडायला सुरुवात छपरापासून होते. राहतं घर म्हणजे दर पावसाळ्यानंतर कुणीतरी वर चढून बघणारं घर.

ग्रेव्हिल घराण्याने पुढे केलेलं काम तुम्ही आत बघितलंत, म्हणून थोडक्यात. १६६९ ते १६७८ मध्ये घराण्यातल्या चौथ्या बॅरनने (हीही सरदाराची पदवी) रॉजर आणि विल्यम हर्लबट या स्थानिक वास्तुकारांकडून दरबारी दालनं सजवून घेतली. देवदार लाकडाने भिंती मढवलेलं दालन त्यांचंच. १७४९ पासून उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राउनने बागा आखल्या, तेव्हा तो अजून प्रसिद्ध व्हायचा होता. जवळपास त्याच सुमारास व्हेनिसचा चित्रकार कॅनालेट्टो याच्याकडून मालकाने किल्ल्याची पाच तैलचित्रं करून घेतली. ती चित्रं आमच्यासारख्यांना पुरावा म्हणून फार उपयोगी पडतात, कारण कोणती खिडकी, कोणती वाट तेव्हा कुठे होती ते त्यांत दिसतं. १७६० च्या दशकात अंगणाच्या बाजूने नवी देवडी आणि जेवणाचं दालन जोडलं गेलं.

मला सर्वात जास्त विचार करायला लावतो तो याच घराण्यातला दुसरा अर्ल, जॉर्ज ग्रेव्हिल. तोवर शहरात येणारा रस्ता किल्ल्याला अगदी खेटून, जुन्या मध्ययुगीन पुलावरून यायचा. त्याने तो रस्ताच हलवला. वरच्या अंगाला नवा पूल बांधून घेतला, तो १७९३ मध्ये पूर्ण झाला, आणि किल्ल्याखालची वाट बंद झाली. जुना पूल १७९५ च्या पुरात कोसळला. त्याच्या उरलेल्या कमानी तशाच ठेवल्या गेल्या, कारण पाण्यात उभे असलेले अवशेष शोभून दिसत होते. ज्या ठिकाणी पूल आणि नदीवरची वाट राखण्यासाठी किल्ला बांधला, तिथे आता किल्ल्यातून छान देखावा दिसावा म्हणून पूल हलवला गेला. लढाईचं घर राहण्याचं घर कसं झालं हे एका कृतीत दाखवायचं तर मी हीच दाखवतो. गावातल्या ज्यांची नेहमीची वाट गेली, त्यांना काय वाटलं असेल हाही विचार मनात येतोच.

३ डिसेंबर १८७१ ला मोठी आग लागली. खासगी दालनं आणि मोठा दिवाणखाना जळाला, दरबारी दालनं वाचली. लोकांकडून वर्गणीही गोळा झाली आणि अँथनी साल्व्हिन या वास्तुकाराने पुढच्या तीनेक वर्षांत दुरुस्ती केली. म्हणून तुम्हाला दिवाणखाना 'व्हिक्टोरियन' सांगितला गेला. छप्पर आणि आतली सजावट नक्कीच त्या काळाची. भिंतींचा गाभा आणि खालची तळघरं मात्र जुनीच आहेत. १८९४ मध्ये नदीकाठच्या गिरणीत जनित्र बसवून किल्ल्यात वीज आणली गेली. धान्य दळणारं नदीचं पाणी वाड्यातले दिवे लावू लागलं. १९७८ मध्ये कुटुंबाने किल्ला एका पर्यटन कंपनीला विकला, तेव्हापासून तो राहतं घर उरला नाही.

हे तुमचं तुम्हाला कसं ओळखता येईल? भिंतीसमोर उभं राहून आधी उभी सरळ रेघ शोधा. बांधकाम सलग झालं असेल तर दगड एकमेकांत दातांसारखे गुंततात. सरळ रेघ दिसली की एक बाजू आधीची, दुसरी नंतरची. मग छिन्नीच्या खुणा बघा. हाताने, वेगवेगळ्या माणसांनी घडवलेल्या दगडांवर ठोके एकसारखे नसतात. व्हिक्टोरियन दगड बहुधा नेटका, एका मापाचा असतो. तरी सावध राहा. सुरुवातीच्या काळात एका जुन्या वाड्याची एक अख्खी भिंत मी मध्ययुगीन म्हणून नोंदवली होती. नंतर आतून गिलावा काढला तेव्हा मागे एकोणिसाव्या शतकाची वीट निघाली. त्या काळच्या कारागिरांनी जुन्या भिंतीचे दगड काढून बाहेरून पुन्हा वापरले होते. दगड मध्ययुगीन होता, भिंत नव्हती. तेव्हापासून मी भिंतीची आतली बाजू बघितल्याशिवाय तारीख लिहीत नाही.

वालुकाश्माबद्दल आणखी एक. तो मऊ असतो, म्हणून त्यात खिडकी मोठी करणं सोपं, आणि त्याच कारणाने तो झिजतोही लवकर. दरसाल कुठे ना कुठे दगड बदलावाच लागतो. सांध्यांत सिमेंट भरलं तर ओल आत अडकते आणि दगडाचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून चुनाच वापरायचा. एखाद्या बुरुजावर नवे दगड दिसले तर 'हे खोटं आहे' असं म्हणू नका. बोशॅमांच्या काळातही ते बदलत होते.

थोडक्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: टेकाड अकराव्या शतकाचं, दर्शनी बुरूज आणि तळघरं चौदाव्या शतकाची, दरबारी दालनं सतराव्या-अठराव्या शतकाची, दिवाणखान्याचं छप्पर एकोणिसाव्या शतकाचं. हे सगळं खरं आहे.

पुन्हा जाल तेव्हा थेट दरवाज्याकडे जाऊ नका. आधी मित्राला घेऊन १७९३ च्या त्या पुलावर जा, तिथे तिकीट लागत नाही. डाव्या हाताला पाण्यात जुन्या पुलाच्या कमानी दिसतील, समोर कड्यावर सीझर बुरूज आणि त्याच्या पायाशी गिरणी. तिथून नदीवर उघडणाऱ्या खिडक्या मोजा, मग शहराकडच्या तटाला वळसा घालून तिथल्या मोजा. आत गेल्यावर बुरुजांआधी टेकाडावर चढा.